सुपारीएवढा

सुपडू लोटन बडगुजर, वय सदुसष्ट, राहणार नंदुरबार.
आधीची चार पोरं गेली म्हणून
पाचव्याला सुपात घालून उंबऱ्यावरून ओढलं.
नावाचा हा अर्थ त्यांनीच सांगितला,
मास्क बाजूला करून, दर तीन शब्दांनी थांबत.

चाळीस वर्षं मिरचीच्या पथारीवर काटा धरला.
व्यापारी नाकाला फडकी बांधून यायचे,
ह्यांना कधी ठसका नाही.
आता साध्या हवेचा लागतो.

डॉक्टर पिंगळ्यांनी पाठीला नळी लावून मलाही ऐकवलं:
वाळल्या मिरच्यांच्या पोत्यावर कुणी पाय द्यावा, तसं.
फुप्फुसाचं चामडं होत चाललंय. का, ते माहीत नाही.
फाइलवर कारणाच्या जागी "अज्ञात".
"मिरची लिहा ना," भटू म्हणाला, त्यांचा मुलगा.
तसं लिहिता येत नाही.
दोन वर्षं हळूहळू चाललेलं मंगळवारी एकाएकी बिघडलं,
धुळ्याला आणेपर्यंत ऑक्सिजन चौऱ्याऐंशी.

माझं काम कागदाचं. मी वाचून दाखवते:
अशा वेळी स्टेरॉइड देतात. वर्षानुवर्षं देत आलेत,
कारण समोर माणूस घुसमटत असताना
काहीतरी द्यावं लागतं.
त्यानं जीव वाचतो, की उलट लवकर जातो,
हे नीट काट्यावर घालायचंय.
म्हणून निम्म्यांना ते, निम्म्यांना मिठाचं पाणी,
बाकी सगळं सगळ्यांना सारखं.
कुणाला काय, ते तुम्हाला कळणार नाही,
डॉक्टरांना नाही.
मलाही नाही.

काटा म्हटल्यावर त्यांनी डोळे उघडले.
"आधी रिकामा काटा मधोमध उभा राहतो का, ते बघायचं," म्हणाले.
चार पानांत मला हे सांगता आलं नव्हतं.
सही करताना सुपडूतला डू चौकटीबाहेर गेला.

कुपी चंदेरी कागदात. क्रमांक एकोणचाळीस.
केसरबाई ती उजेडाकडे धरून बघायच्या.
"तुले माहीत शे ना, बाई?"
नाही हो, खरंच नाही.

तिसऱ्या रात्री साखर तीनशे बारा.
नर्स धावली, इन्सुलिन आलं,
आणि भटू पॅसेजमध्ये हसत सुटला.
कुणीतरी त्याला सांगितलं होतं, स्टेरॉइडनं साखर चढते.
"खरी दवाई उनी! खरी उनी!"
शेजारच्या खाटेवरच्या माणसानं तोंड भिंतीकडे वळवलं;
त्याची साखर एकशे चार होती.
मी अंदाज करायचा नसतो.
मी केला.

केसरबाई मात्र हसल्या नाहीत.
पदराची गाठ सोडत होत्या, पुन्हा बांधत होत्या.
मला वाटलं, दमल्या असतील.

बाविसाव्या दिवशी घरी गेले, सिलिंडरसकट,
रिक्षात चढताना मला हात केला, की
हवा मागितली, कळलं नाही.

नव्वदाव्या दिवशी फोन लावायचा असतो.
दोनच चौकोन: हयात, मृत.
भटूनं उचलला. सदुसष्टाव्या दिवशी, म्हणाला, पहाटे.
मी खूण केली. पेन उचललं नव्हतं तोच
फोन केसरबाईंनी घेतला.

"कोनती कुपी व्हती?"
अजून उघडलं नाही, मावशी. एकशेवीस जण व्हायचेत.
बराच वेळ नुसती मागची बकरी ऐकू येत होती.
"मी त्यासले त्या रातले गूय देयेल व्हता.
तोंड कडू व्हयेल व्हतं त्यासनं.
तुना कागदले चालस का?"

कागदाला चालत नाही.
कागदाला सगळं सांगावं मात्र लागतं.
फाइल काढली, तिसरी रात्र शोधली,
"इतर आहार" नावाचा रकाना होता, कोरा.
किती होता मावशी, वजनानं?

जन्मभर तोलणाऱ्याच्या बायकोनं थांबून हिशोब केला.

मी लिहिलं: गूळ, सुपारीएवढा.